लाभ, दोन, तीन

माझी पुतणी तिसरीत शिकते. तालुक्याच्या गावातील एका खासगी शाळेत ती जाते आणि दर शनिवारी आठवड्याच्या वह्या घरी आणते, कारण त्या वह्यांवर पालकाची सही लागते. गेल्या हिवाळ्यात मी भावाकडे राहायला गेले असताना तिच्या गणिताच्या वहीचे एक पान माझ्यासमोर आले. 'तुमच्या घरातील मोजमापाची साधने शोधा, त्यांची चित्रे काढा आणि त्यांनी काय मोजतात ते लिहा,' असा प्रश्न होता. तिने चार चित्रे काढली होती. भिंतीवरचे घड्याळ, आईची शिवणाची टेप, दुधाचे लिटरचे माप आणि चौथी, सर्वांत मोठी आणि सर्वांत मन लावून रंगवलेली, आमच्या घरातील पितळी अधोली. तिच्याखाली लिहिले होते, 'अधोली. हिने ज्वारी मापतात. दोन शेर म्हणजे एक अधोली.' पहिल्या तिन्ही चित्रांवर बरोबरची खूण होती. अधोलीवर लाल रेघ होती आणि शेजारी 'किलोग्रॅम लिहा' असा शेरा होता.

त्या रेघेचा मला फारसा राग आला नाही. वर्गात पन्नासाच्या आसपास मुले, प्रत्येकाच्या पाच-सहा वह्या आणि हाताशी छापील उत्तरसूची, अशा स्थितीत बाईंनी एका अधोलीपाशी थांबून विचार करावा ही अपेक्षा जास्तच आहे. मनात राहिले ते त्यानंतरचे. ती अधोली कोठीतून काढून दिली होती माझ्या आईने. एक अख्खी संध्याकाळ ती नातीला घेऊन ओसरीवर बसली होती, जुन्या लुगड्यावर ज्वारी पसरून दोघींनी ती मापली होती, सांडली होती, पुन्हा भरली होती. वही परत आली तेव्हा आईने ते पान दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "आता तुझ्या क्लासच्या मॅडमनाच विचारत जा बाळा. आमचं आपलं अडाण्याचं गणित." एवढे बोलून ती परसात शेंगा निवडायला गेली. वहिनी सांगत होती की त्यानंतर मुलगी अभ्यासाला बसली की आई तिथे थांबत नाही, काही ना काही काम काढून आत जाते.

रेघ नातीच्या वहीत ओढली गेली आणि उठून गेली ती आजी.

आई चौथीपर्यंत शिकली. तिच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि औटकी पाठ करून घेत असत. पाव पट, निमपट, पाऊणपट असे करत ही परवचा साडेतीन पटीपर्यंत जाई. अजूनही तिला 'सात दिढे' म्हटले की 'साडेदहा' म्हणायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि 'तीन औटे'ही साडेदहाच होतात ही गंमत तिनेच मला लहानपणी दाखवली होती. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या व्यवहारात पाव, अर्धा, पाऊण हे रोजच्या वापरातले आकडे होते, पाठ्यपुस्तकातील अवघड प्रकरण नव्हते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि आईने नुकते पाठ केलेले सारे काही वर्षांत बाजारातून हद्दपार झाले. मोजण्याची रीत सोपी झाली आणि देशभर एक झाली, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. एवढेच की दहा वर्षांच्या मुलीने कष्टाने मिळवलेली विद्या एकाएकी निरुपयोगी ठरण्याचा अनुभव आईने तेव्हाही घेतला होता. नातीच्या वहीत तो तिला दुसऱ्यांदा आला.

धान्य मापण्याची तिची एक लय आहे. पहिले माप ओतताना ती 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणते, आणि मग दोन, तीन, चार. खळ्यावर सगळेच तसे म्हणत. पुतणीने ते इतके उचलले आहे की भातुकलीत बाहुल्यांना पानावर बसवतानाही ती 'लाभ, दोन, तीन' असेच मोजते. अधोली रिकामी असताना पहिली ज्वारी पितळेवर खणखणत पडते, अर्ध्यावर आवाज बसका होतो आणि काठाशी येताना नुसती सळसळ उरते. आईला डोळे मिटूनही माप भरत आल्याचे कळते. काठाच्या वर शंकूसारखी रास चढली की ती शीग, आणि हात फिरवून ती उतरवली की सपाट माप. आमच्या घरी मापांची उतरंड अशी की पायलीच्या दोन अधोल्या, अधोलीचे दोन शेर, शेराची दोन मापटी आणि मापट्याची दोन चिपटी. दर माप वरच्याच्या निम्मे. पायलीत चिपटी किती मावतात हे मुलीला कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी तिने ओतून ओतून सोळा हा आकडा स्वतः काढला, आणि मध्येच विचारले की चिपट्याच्या निम्मे केले तर काय होईल, आणि त्याच्याही निम्मे केले तर. तिसरीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना कागदाची घडी घालून दाखवतात. इथे घडी आपोआप पडत होती.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, जी वहीत लिहायला जागा नव्हती. अधोलीभर ज्वारी तिला दोन्ही हातांनी उचलावी लागली आणि तीच अधोली शेंगांनी भरली तेव्हा एका हाताने उचलता आली. माप तेच, वजन वेगळे. ही अधोली आकारमान मोजते, वजन नाही; तेव्हा 'किलोग्रॅम लिहा' ही दुरुस्ती शास्त्राच्या दृष्टीने चुकीची आणि मुलीचे मूळ उत्तर बरोबर, असा हा सगळा उलटा प्रकार होता. मी हे भावाला सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मग जा तू शाळेत भांडायला." मी गेले नाही. भांडण्यासारखे त्यात काही होते असे मला आजही वाटत नाही.

मला वाटते ते निराळे आहे. हल्ली शाळांच्या तोंडी पालकांच्या सहभागाची भाषा सतत असते आणि पालकही आपण सहभागी आहोत असे मानतात. प्रत्यक्षात तो सहभाग कसला असतो? व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री साडेनऊला निरोप येतो की उद्या पिवळा कार्डशीट आणि चार प्रकारच्या डाळी पाठवा. वहिनी ओट्यावरचे काम टाकून थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवत बसते. भाऊ फी भरतो, सह्या करतो, गुण कमी पडले तर मुलीला रागावतो. म्हणजे शाळेचे काम घरात येते, शाळेच्याच अटींवर येते आणि घराने ते शाळेसारखे करून परत द्यायचे असते. उलट दिशेने, घरातून शाळेकडे, काही जावे अशी सोय कुठेच नसते. त्याच शाळेत आजी-आजोबा दिवस साजरा होतो. आई गेली होती. तिला कागदी मुकुट घातला, संगीतखुर्ची खेळायला लावली, केक कापला, फोटो काढले. कार्यक्रम गोड होता आणि आईला आवडलाही. पण एवढ्या म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या त्या सभागृहात कोणी कोणाला एक प्रश्नही विचारला नाही. मराठी भाषा गौरव दिनाला मुली नऊवारी नेसून येतात, मुलगे फेटे बांधतात. संस्कृती म्हटली की आपल्या शाळांना कपडे आठवतात.

ही ओरड नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध या लिप्यांतील वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, खेड्यातील अभ्यासक्रम शहरापेक्षा आटोपशीर असला तरी तो तितकाच व्यवहारोपयोगी असावा, असा आग्रह होता. आमच्या सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी घरोघरच्या बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची रीत रुजवली. त्या मुठीला मुष्टिफंड म्हणत. आजच्या कायद्यातही काही कमी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. मात्र ज्या समित्या मी जवळून पाहिल्या, त्यांत या स्त्रिया ठरावावर सही करतात आणि चहा झाल्यावर घरी जातात.

या साऱ्याचा विचार करताना मला पालघर जिल्ह्यातले कोसबाड आठवते. पावसाळा सरताना एकदा मी तिथे गेले होते. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या मागे टाकून रस्ता चढू लागतो, ओल्या गवताचा वास येतो आणि टेकडीवर ती जागा लागते जिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाच्या कामात आयुष्याचा मोठा काळ घालवला. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या होत्या, माँटेसरीची पद्धत त्यांनी आत्मसात केली होती. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, अनुताई तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या वारली पाड्यांमध्ये गेले. माँटेसरीची साधने सुबक, मोजूनमापून केलेली आणि महाग. ती पाड्यावर परवडणारी नव्हती आणि परवडली असती तरी परकीच वाटली असती. या दोघींनी शिंपले, खडे, बिया, काटक्या, पाने आणि माती घेतली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे त्यात होतेच. वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, त्यात त्रिकोण आहेत, चौकोन आहेत, वर्तुळे आहेत. ज्या मुलाने जन्मल्यापासून ती भिंत पाहिली आहे त्याला आकार शिकवायला लाकडी ठोकळ्यांची वाट पाहावी लागत नाही.

पण साधनांची ही गोष्ट सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी. मुले बालवाडीत येईनात. आई-बाप मजुरीला जात, मोठी मुले गुरे राखत, आठ वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरे. कोणाही सुशिक्षित माणसाने यातून काढला असता तो निष्कर्ष असा की या पालकांना शिक्षणाची कदर नाही. या दोघींनी मात्र शाळा उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून देशभर पोहोचलेल्या अंगणवाडीचे मूळ तिथे आहे. गुराख्यांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, म्हणजे कडेवरचा भाऊ पाळण्यात आणि बहीण पाटीशी बसू शकली. आई-बापांचा दिवस कसा जातो याचा अभ्यास शिकवणाऱ्यांनी आधी केला, मग मुलांना अभ्यास दिला. पालकांना शाळेच्या वेळेला बोलावण्यापूर्वी शाळा पालकांच्या वेळेला गेली. मी तिथे उभी असताना एका खोलीत मुले बिया मोजत होती आणि मोजताना त्यांच्या बोलीत एकमेकांशी वाद घालत होती. मला त्यातले निम्मेच कळत होते, आणि माझ्या कळण्यावाचून त्यांचे काहीच अडत नव्हते.

भावाला हे सारे ऐकवले की तो शांतपणे ऐकून घेतो आणि एकच प्रश्न विचारतो. "तुझी पायली हिला स्कॉलरशिपच्या पेपरात येणार आहे का?" त्याच्या प्रश्नाला मी हलके लेखत नाही. तो पदवीधर आहे, गणितात हुशार होता, आणि इंग्रजीत झालेल्या मुलाखतींत तोंड उघडले नाही म्हणून नोकरी गमावून शेतीकडे वळलेला आहे. मुलीच्या वाट्याला ते येऊ नये यासाठी तो महिन्याच्या दुधाच्या पैशातला मोठा वाटा फी म्हणून भरतो. गावातील मजूरही पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात, त्यांना 'तुमची संस्कृती किती समृद्ध आहे' असे सांगणारी माणसे स्वतःची मुले कुठल्या शाळेत घालतात हे त्यांना नीट ठाऊक असते. शिवाय जुने ते सारे मुलांना सोपेच असते असेही नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जोडअंक 'वीस एक, वीस दोन' अशा रीतीनेही वाचायला दिले, तेव्हा गदारोळ विधिमंडळापर्यंत गेला. आपल्या संख्यांच्या उच्चारात एकक आधी येते आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे लहान मुले अडखळतात, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. त्यांचे म्हणणे मला पटले होते. आईला मात्र ते मुळीच पटले नाही. "एकवीसला वीस एक? मग एकोणतीसला काय रडायचं?" तरीही त्या आठवड्यात महाराष्ट्रातील घराघरांत, पारावर आणि एसटीत माणसे पहिल्यांदाच मुलांच्या गणिताबद्दल तावातावाने बोलत होती, हे मला आवडले होते. एरवी आपण गुणांबद्दल बोलतो.

त्याहून अवघड आक्षेप मला आमच्याच शेतावर भेटला. खुरपणीला येणाऱ्या मावशींपुढे मी अधोलीचे कौतुक करत होते, पितळ किती जड आहे, काठावर कशी नक्षी आहे, असे काहीबाही. त्या खुरपे बाजूला ठेवून म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात कुठली अधोली? आमच्या आईला मजुरी मापट्यानं मिळायची. अन् घेताना लोक शिगेनं घ्यायचे, देताना हात फिरवून द्यायचे." मला त्यावर काही बोलता आले नाही. ज्या शीगेचे वर्णन मी वर इतक्या हौसेने केले आहे, ती कोणाच्या मापावर चढे आणि कोणाच्या मापावरून उतरवली जाई, हा गणिताचाच भाग आहे. घरातील वस्तू वर्गात आणायची म्हटली की सगळ्यांच्या घरातून आणावी लागेल, आणि सगळ्यांच्या घरात ती वस्तू एकाच आठवणीची नसते. माझ्या आईची अधोली आणि मावशींच्या आईचे मापटे एका वर्गात शेजारी ठेवले तर मुलांना शिगेतल्या धान्याचा हिशेब मांडता येईल: शंभर मापांना शीग किती होते आणि वर्षाकाठी ती कोणाच्या कणगीत जाते. असा धडा कोणत्याही पुस्तकात छापणे कठीण आहे. पण मुलांना तो समजेल, बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर समजेल.

माझी एक मैत्रीण फलटणच्या दक्षिणेकडे, माणच्या हद्दीला लागून असलेल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फलटणला तसा या विचारांचा शेजार आहे; मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी आधी तिथल्या बोलीचा अभ्यास केला आणि मग त्याच गावात राहून प्रगत शिक्षण संस्था उभी केली, हे इकडच्या शिक्षकांना माहीत असते. मैत्रीण मात्र तत्त्वाच्या गोष्टी फारशा करत नाही. तिची अडचण साधी होती. वर्गातील काही मुले मेंढपाळांची, दिवाळी झाली की त्यांतली निम्मी कळपाबरोबर निघून जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघा. पालकसभेला बोलवावे तर बाप घाटाखाली. राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, मातांचे गट केले जातात, घरातील वस्तूंनी करायच्या कृतींची पत्रके आयांच्या हाती येतात. ती पत्रके तिला उपयोगी वाटतात. ज्या बायका शाळेच्या फाटकाशी थबकत त्या आत येऊन बसू लागल्या, असे ती सांगते. फक्त पत्रक वरून छापून येते आणि बाई ते करते. बाईला जे येते ते पत्रकात कधी जाईल, असा तिचा प्रश्न आहे.

तिने शनिवारी दप्तर नसलेल्या दिवसाचा उपयोग करायचे ठरवले आणि एका मेंढपाळाला, ऐन पावसाळ्यात तो घरी असताना, वर्गात बोलावले. मी त्या दिवशी मागे जाऊन बसले होते. खुर्ची दिली तरी ते खाली बसले, खांद्यावरचे घोंगडे मांडीवर घेतले आणि मुलांकडे न पाहता फरशीकडे पाहत राहिले. वर्गात ओल्या लोकरीचा वास भरला. भाषण वगैरे ठरलेले नव्हते. मैत्रिणीने खडू हातात दिला आणि विचारले, "दिवाळीनंतर कुठून कुठून जाता?" त्यांनी एक रेघ ओढली आणि मग थांबेनात. लोणंद, नीरा, भोर, वरंधा घाट उतरून महाडची बाजू. कुठे पाणी, कुठे खतासाठी कळप शेतात बसवायला बोलावणारा शेतकरी, कुठे रस्त्यावर ट्रकची भीती, कुठे लांडगा. रेघ फरशीच्या एका टोकापासून दाराशी पोहोचली. त्यांचा मुलगा, जो एरवी वर्गात बोलत नाही, मागून म्हणाला, "वरंध्याच्या आधीचा मुक्काम राहिला." बापाने मान वळवून पाहिले, क्षणभर आठवले आणि खडूने तिथे एक गोल काढला.

इथपर्यंत आले की बहुतेक शाळा टाळ्या वाजवून पाहुण्यांना नारळ देतात. मैत्रिणीचे काम इथे सुरू झाले, आणि मला ते पाहण्यासारखे वाटले. दिवसाला किती चालता, तिने विचारले. दोन कोस, कधी तीन. कोस म्हणजे किती, मुलांनी विचारले. त्यावरून वाद झाला, कारण एकाच्या आजोबांचा कोस दुसऱ्याच्या आजोबांच्या कोसापेक्षा मोठा निघाला. मग तिने भिंतीवरचा नकाशा उतरवून फरशीवर रेघेशेजारी ठेवला, सुतळीने वाट मोजली, प्रमाण पाहिले, किलोमीटर काढले, मुक्कामांनी भागले. उत्तर कोसाच्या जवळपास आले पण पूर्ण जुळले नाही, आणि का जुळत नाही याची कारणे मुलांनीच शोधली: कळप सरळ रेषेत चालत नाही, कोकरे असतील तेव्हा मुक्काम वाढतो, घाटात वाट वळते. घरातले ज्ञान वर्गात आणणे पुरेसे नसते. ते आल्यावर शिक्षकाला दुप्पट तयारी करावी लागते, कारण त्याची उत्तरसूची कुठेच छापलेली नसते. 'स्थानिक साहित्य' म्हणून शिंपले-बिया मांडून ठेवणाऱ्या आणि त्यांचे पुढे काहीच न करणाऱ्या शाळाही मी पाहिल्या आहेत. तिथे मुलांना पुस्तकही मिळत नाही आणि बियाही नुसत्या मोजल्या जातात.

आता पुढे कोणाला बोलवायचे यावर पालकांच्या सभेत चर्चा झाली तेव्हा नावे आली ती ओळखीचीच. ओव्या म्हणणारी आजी, घोंगडी विणणारे म्हातारे, भाकरी थापून दाखवणारी कोणी. मैत्रीण म्हणाली की ओव्या जरूर ऐकू, पण मला आधी दूध संकलन केंद्रावरची पावती हवी आहे. सगळे चमकले. तिचे म्हणणे असे की या वाडीवर ओवी थोड्याच घरांत उरली आहे आणि पावती दर घरात रोज दोन वेळा येते. फॅट साडेतीन, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, साडेआठ, त्यावरून दर, लिटर, रक्कम. दशांश अपूर्णांक याहून स्पष्ट कुठे मिळतील? मला तिचे हे बोलणे फार पटले. आपण मुलांच्या संस्कृतीविषयी बोलताना नकळत आपल्या बालपणाविषयी बोलत असतो; माझी आईची अधोली हीदेखील त्यातलीच. या मुलांच्या बालपणात पहाटेच्या अंधारात किटली घेऊन बापाच्या मागे गाडीवर बसणे आहे, यंत्रावर उमटणारा लाल आकडा आहे, तो घसरला की बापाचा उतरणारा चेहरा आहे.

दहा दिवसांच्या पावत्या आणायला सांगितल्या, कारण केंद्राचे बिल दहा दिवसांनी निघते. पहिल्या दिवशी थोड्याच आल्या. एका वडिलांनी तर फाटकाशी येऊन विचारले की आमच्या पैशाचे कागद शाळेला कशाला. त्यांची शंका रास्त होती आणि मैत्रिणीने ती मान्य करून सांगितले की नाव आणि खाते क्रमांक फाडून पाठवा. मग पावत्या आल्या, दुमडलेल्या, दुधाचे डाग पडलेल्या, काही शाई उडालेल्या. चौथी-पाचवीच्या मुलांनी सकाळ-संध्याकाळचे तक्ते केले, फॅट कोणत्या दिवशी का घसरली याची कारणे गोठ्यात जाऊन विचारली, कडब्याचा आणि सरकी पेंडेचा हिशेब मांडला, आणि शेवटी दहा दिवसांची बेरीज करून ती घरी नेली. दोन-तीन घरांत त्या रात्री वेगळेच झाले. मुलीने काढलेली बेरीज आईने पाहिली, आणि दर दहा दिवसांनी आपल्या हाती पडणारी रक्कम आणि ही रक्कम यांत बरेच अंतर असल्याचे तिला प्रथमच कळले. मैत्रीण हसून सांगत होती की पुढच्या पालकसभेला बाप कमी होते आणि बाया झाडून साऱ्या होत्या. त्यांतल्या एकीने, जी आजवर कधी तोंड उघडत नसे, व्याज कसे काढतात ते शाळेत कधी शिकवणार आहात आणि आम्ही मागे येऊन बसलो तर चालेल का, असे विचारले.